ताप उतरल्यावर मूल कसं दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा सात महिन्यांचा. मुलीला परवा दुपारी अचानक ताप भरला, अंग दुखतंय म्हणते, नाक गळतंय, खोकला आहे. औषध दिलं की ताप उतरतो आणि चार-पाच तासांनी पुन्हा 102-103 वर जातो. आजपासून बाळाचंही नाक चोंदलंय, दूध नीट पीत नाही. घरात जितकी माणसं तितकी मतं: अँटिबायोटिक सुरू करा, वाफ द्या, ताप डोक्यात जाईल. घरी किती थांबायचं आणि डॉक्टरकडे कधी पळायचं?

प्रश्नात बाळाच्या वाट्याला एकच ओळ आली आहे. मी तिथूनच सुरुवात करते. बाळाला उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवाच, ताप आला असो वा नसो. मुलीचं वर्णन साध्या सर्दीपेक्षा फ्लूसारखं वाटतं. सर्दी दबकत येते, आधी शिंका, मग नाक, मग थोडी कणकण. फ्लूचं मूल दुपारी खेळत असतं आणि संध्याकाळी तापाने फणफणलेलं असतं. घरात फ्लू असेल तर लागण झाल्यापासून साधारण 1 ते 4 दिवसांत पुढच्याला लक्षणं दिसतात, म्हणजे बाळाची वेळ बरोबर जुळते. आणि 2 वर्षांखालच्या मुलांना फ्लू जास्त त्रास देऊ शकतो. त्यावरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण ठरवायला वेळ हाताशी हवा. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असतं तर मी सकाळपर्यंतही थांबू दिलं नसतं. त्या वयात 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, इतका ताप भरला की रात्र असो की पहाट, औषधसुद्धा न देता थेट दवाखाना गाठायचा.

आज रात्रीपुरतं बाळाचं नाक मोकळं ठेवा. तान्ह्या बाळांना तोंडाने श्वास घेणं मोठ्यांसारखं सहज जमत नाही. नाक चोंदलं की बाळ दोन-चार घोट घेतं, सोडून देतं, रडतं, पुन्हा धरतं. भूक असते, श्वासाला वाट नसते. औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या सलाइनचे ड्रॉप्स पाजण्याआधी पाच-दहा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब टाका, थोडं थांबा, सुटून आलेला शेंबूड मऊ फडक्याने टिपून घ्या. मग पाजा. एका वेळी कमी प्यायलं तर चालेल, पाजायच्या वेळा वाढवा. तुम्हाला स्वतःला कणकण असली तरी अंगावरचं दूध बंद करू नका. हात धुवा, तोंडावर मास्क लावा आणि पाजा. मोठ्यांचे, नाक लगेच मोकळं करणारे ड्रॉप्स मात्र बाळाच्या नाकाजवळ नेऊ नका. त्यांनी लहान बाळांना ग्लानी येऊ शकते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. डोक्याखाली उशी देऊन उतार करण्याचा मोह होतो, तोही टाळा. बाळ पाठीवर, सपाट अंथरुणावरच झोपवायचं.

आता मुलीकडे येऊ, आणि त्या 103 कडे.

बार्टन श्मिट या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने 1980 मध्ये आईवडिलांच्या या धास्तीला 'फीव्हर फोबिया' असं नाव दिलं. तेव्हापासून पिढी बदलली, थर्मामीटर काचेचा डिजिटल झाला, धास्ती तीच आहे. ताप डोक्यात जाईल ही भीती मी जवळजवळ रोज ऐकते. संसर्गाचा ताप शरीराने स्वतः वाढवलेला असतो. मेंदूत तापमान ठरवणारी यंत्रणा आहे, ती काटा वर सरकवते आणि वर कुठे थांबायचं हेही तिलाच ठाऊक असतं. त्यामुळे नुसत्या संसर्गाच्या तापाने मेंदूला इजा होण्याइतकी, म्हणजे 107-108 च्या पलीकडची पातळी सहसा गाठली जात नाही. बंद गाडीत उन्हात अडकलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरची उष्णता शरीरावर मात करते. तुमच्या मुलीचं तसं नाही.

म्हणून मी आकड्याबद्दल कमी विचारते. माझा पहिला प्रश्न असतो, औषध दिल्यावर तासाभराने, ताप थोडा उतरल्यावर, मूल कसं असतं? 103 असताना कोणतंही मूल मलूल पडतं, कुशीत शिरतं, डोळे मिटून घेतं. त्यावरून काही ठरवता येत नाही. 100 वर आल्यावर ते उठून बसलं, पाणी मागितलं, भावंडाच्या हातातलं खेळणं ओढलं, तुमच्यावर चिडलं, तर मला बरं वाटतं. उलट, थर्मामीटर 99 दाखवतोय आणि मूल नजरेला नजर देत नाही, उठवलं तरी पुन्हा डोळे मिटतंय, उचलल्यावर अंग सैल सोडतंय, तर तो 99 मला 104 पेक्षा जास्त घाबरवतो. औषधाने ताप झरझर उतरला म्हणजे आजार साधा आणि नाही उतरला म्हणजे गंभीर, असंही काही नसतं. फ्लूमध्ये तीन-चार दिवस ताप चढ-उतार करतच राहतो.

ज्युनिअर डॉक्टरांना शिकवताना मी तीन 'श' सांगायचे: श्वास, शू, शुद्ध. शेवटच्याबद्दल आताच बोलले. उरलेले दोन घरी पाहता येतात, फक्त पाहायची पद्धत नीट हवी.

श्वास मोजायला मूल शांत हवं, झोपलेलं असेल तर उत्तम. रडताना किंवा तापाने फणफणलेलं असताना मोजलेला आकडा फसवा असतो. खोलीत दिवा लावा. मुलाचा शर्ट छातीपर्यंत वर घ्या, पूर्ण वर, कारण कपड्यावरून काही दिसत नाही. पोटाकडे पाहा, लहान मुलं पोटानेच श्वास घेतात. पोट वर आलं की एक. सेकंदकाटा पाहत किंवा फोनचं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण बाळं मध्येच भराभर दहा श्वास घेतात आणि मग क्षणभर थांबल्यासारखी वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीनुसार 2 महिने ते 1 वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त आणि 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे वेगाचा श्वास. (2 महिन्यांच्या आत ही रेघ 60 आहे.) तुमच्या बाळाला 50, मुलीला 40, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मोजून झालं की शर्ट लगेच खाली ओढू नका. बरगड्या संपतात आणि पोट सुरू होतं तिथे नजर ठेवा. श्वास आत घेताना ती जागा खळगा पडल्यासारखी आत ओढली जाते का? गळ्याच्या खालची खाच आत जाते का? नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का? यातलं एक जरी दिसलं तरी आकडा कितीही असो, निघा. छातीत घरघर ऐकू येते म्हणून पालक धावत येतात, पण ती बहुतेक वेळा नाकातल्या आणि घशातल्या शेंबडाची असते. कान फसवतो, अशा वेळी डोळ्यावर भिस्त ठेवावी. एक अपवाद सांगून ठेवते: मध्यरात्री मूल कुत्रा भुंकल्यासारखं खोकत उठलं आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येऊ लागला, तर त्याला मांडीवर ताठ बसवा, रडू देऊ नका, बाहेरची थंड हवा लागू द्या. शांत बसल्यावरही तो आवाज चालू राहिला तर दवाखान्यात न्या.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र हल्ली बऱ्याच घरांत असतं. मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेलं ते क्लिप बाळाच्या बोटावर काहीही दाखवतं. त्याच्या आकड्याने घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

शू सोपी आहे. आजारी मूल दोन-तीन दिवस जेवलं नाही तरी फार बिघडत नाही. भूक मेलेली असते, ती परत येते. जबरदस्तीने भरवलेला घास खोकल्याबरोबर बाहेर येतो आणि आईच रडकुंडीला येते. पाणी मात्र पोटात गेलं पाहिजे, आणि ते पुरेसं जातंय का हे शूवरून कळतं. सहा-आठ तास डायपर कोरडा राहिला, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ओठ सुकलेत, बाळाची टाळू खोल गेली आहे, तर शरीर पाणी धरून ठेवतंय असं समजा. उलट्या होत असतील तर पेलाभर देऊन उपयोग नाही. चमच्याने किंवा सिरिंजने 5 मिलिलिटर, दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा 5 मिलिलिटर. कंटाळवाणं काम आहे खरं, पण तासाभरात 100 मिलिलिटर कधी गेलं ते मुलाच्या पोटालाही कळत नाही. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस द्या, पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात सगळं पाकीट एकदम कालवून. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासभर पाण्यात टाकणं धोक्याचं. क्षाराचं प्रमाण बिघडतं.

औषधांबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. घरच्या काळजीत खरी चूकही बहुधा इथेच होते.

तापाचं औषध आकडा खाली आणण्यासाठी देऊ नका, मुलाला बरं वाटावं म्हणून द्या. 102 असून मूल खेळत असेल तर औषधाची घाई नाही. शांत झोपलेल्या मुलाला तर तापासाठी उठवून औषध अजिबात पाजू नका. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 4 ते 6 तास, आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त वेळा नाही. आता कागदावर हिशेब करू. 10 किलोच्या मुलाला जास्तीत जास्त 150 मिलिग्रॅम. हे 150 मिलिग्रॅम किती मिलिलिटरमध्ये येतात? 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर 6 मिलिलिटर. 5 मध्ये 250 असेल तर 3. आणि 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स असतील तर फक्त दीड. औषध एकच, चव आणि रंगही तसाच, पण कोणी "मागच्या वेळी 6 मिलिलिटर दिलं होतं" म्हणून ड्रॉप्सच्या बाटलीतून 6 दिलं, तर चौपट डोस गेला. यकृताला हा प्रकार सोसत नाही, आणि पहिल्या दिवशी बाहेरून काही दिसतही नाही. तेव्हा बाटली हातात घेतली की आधी बारीक अक्षरं वाचा, मग वजन आठवा, मग सिरिंज भरा. स्वयंपाकघरातला चमचा मोजमापासाठी नको. कोणाचा चमचा 3 मिलिलिटरचा निघतो, कोणाचा 7 चा. सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, तेही मोजणीत धरायचं राहून जातं.

हे मी अनुभवाने बोलते, आणि अनुभव माझ्या स्वतःच्या घरचा आहे. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना एका रात्री नवऱ्याने अकराला डोस दिला आणि झोपी गेला. मी ड्युटीवरून बाराला आले, मुलाच्या कपाळाला हात लावला आणि पुन्हा डोस दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलता बोलता कळलं. एकदाच झालं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आमच्या फ्रिजवर कागद चिकटवलेला असतो: वेळ, औषधाचं नाव, किती मिलिलिटर, कोणी दिलं. त्याच कागदावर ताप, शू आणि प्यायलेलं पाणी लिहिलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. "बराच वेळ झाला असेल" यापेक्षा "दुपारी दोननंतर शू नाही" हे वाक्य आम्हाला हवं असतं.

आयब्युप्रोफेन हे दुसरं तापाचं औषध. ते 6 महिन्यांखाली नाही, उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना नाही, कांजिण्या असताना नाही, आणि डेंगीची शंका असेल तर मुळीच नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन्ही औषधं आलटून पालटून देण्याची पद्धत मला आवडत नाही. रात्री तीन वाजता, झोपेने डोळे मिटत असताना कोणी काय दिलं याचा घोळ हमखास होतो. ॲस्पिरिन तर मुलांना तापात द्यायचंच नाही. 1963 मध्ये डग्लस रे या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी मेंदूला सूज आणि यकृत बिघाड असा एक भयानक आजार मुलांमध्ये नोंदवला. पुढे फ्लू किंवा कांजिण्यांत दिलेल्या ॲस्पिरिनशी त्याचा संबंध दिसला, मुलांना ॲस्पिरिन देणं थांबलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

खोकल्याच्या सिरपांबद्दल माझं मत कडवट आहे. लहान मुलांचा खोकला त्यांनी लवकर बरा होतो असं दिसलेलं नाही, झोप किंवा धडधड मात्र होते. 4 वर्षांखाली मी ती लिहीतच नाही. 2022 मध्ये गांबियात दूषित सिरप पिऊन डझनावारी मुलांच्या किडन्या निकामी झाल्या आणि ती दगावली. सिरपांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडलं आणि जागतिक आरोग्य संघटनेला जगभर इशारा द्यावा लागला. ज्या औषधाचा फायदाच नगण्य, त्यासाठी एवढा धोका कशाला? तुमच्या मुलीला रात्री झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध द्या. रात्रीच्या खोकल्याला त्याने उतार पडतो. बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मधातले बॉट्युलिझम या आजाराचे जिवाणू रुजू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात.

वाफ देऊ नका. फायदा सिद्ध नाही, आणि उकळत्या पाण्याचं भांडं कलंडून मांड्या-पोट भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. ती सर्दीची मुलं मला आजही सर्दीपेक्षा भाजण्यासाठीच आठवतात. कापूर असलेले मलम 2 वर्षांखाली नको. कापूर पोटात गेला तर आकडी येऊ शकते. अंग पुसायचं झालं तर कोमट पाण्याने, तेही मुलाला आवडत असेल तरच. बर्फाच्या पाण्याने हुडहुडी भरते आणि शरीर उलट आणखी तापतं. स्पिरिटने कधीच पुसू नका. जाड पांघरुणात गुंडाळून घाम काढायचाही काही उपयोग नाही. एक पातळ कपडा, खोलीत हवा खेळती, एवढं बास.

आकडीबद्दल बोलते, कारण ती पाहिल्यावर बहुतेक आईबापांना मूल गेलं असंच वाटतं. 6 महिने ते 5 वर्षांच्या दर शंभर मुलांत 2 ते 5 जणांना कधीतरी तापात आकडी येते. डोळे वर जातात, हातपाय ताठ होतात, झटके येतात. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, तोंडात बोट, चमचा, पाणी, काहीही घालू नका, झटके दाबून धरू नका, आणि घड्याळ पाहा. ते एक मिनिट तासासारखं वाटतं, म्हणूनच घड्याळ. पाच मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका बोलवा. आपोआप थांबली तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांत पुढे काही राहत नाही. ठरावीक वेळाने तापाचं औषध देत राहिल्याने आकडी टळते असं मात्र नाही. तेवढ्यासाठी रात्रभर जागून डोस देऊ नका.

आता अँटिबायोटिक. सर्दी आणि फ्लू दोन्ही विषाणूंचे, आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा झाला की "आता इन्फेक्शन झालं" असं घरात कोणीतरी म्हणणारच. तो रंग शरीराच्या पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्याचा असतो. लढाई चालू आहे एवढंच तो सांगतो. अँटिबायोटिक लागतं ते पुढे जिवाणूंचा न्यूमोनिया किंवा कान पिकणं असं काही झालं तर. त्याची एक खूण मला फार महत्त्वाची वाटते: ताप जातो, मूल एक-दोन दिवस बरं असतं, आणि मग पुन्हा ताप चढतो, खोकला आधीपेक्षा वाढतो. हा दुसऱ्यांदा आलेला ताप घरी सांभाळू नका. तसंच मुलीचा ताप उद्यापर्यंत सलग तीन दिवसांचा होईल, तेव्हा बाळाबरोबर तिलाही न्या. ओठ निळसर, काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, उठवून उठत नाही, मान ताठ, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर, यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट पाहायची नाही.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण चार दिवसांनी विचाराल. तापाचं औषध न घेता पूर्ण 24 तास ताप नसेल आणि मूल खेळायला लागलं असेल तर पाठवा. खोकला संपायची वाट पाहिलीत तर दोन-तीन आठवडे घरीच बसावं लागेल, तो तेवढा रेंगाळतोच. आणि महिन्याभरात ती पुन्हा नाक पुसत घरी आली तर प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून टॉनिक शोधू नका. सर्दीच्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, आणि या वयातलं धडधाकट मूल वर्षाला सहा-आठ वेळा सर्दीने आजारी पडतंच. फ्लूची लस मात्र 6 महिन्यांपासून देता येते. दोघं बरी झाली की डॉक्टरांशी तेवढं बोलून घ्या. पहिल्यांदा घेताना या वयात चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

रात्री तुम्ही आणि घरातलं दुसरं मोठं माणूस अशा पाळ्या लावा. पहिली पाळी ज्याची असेल त्याने आत्ता, बाळ झोपलं असेल तर, दिवा लावून त्याचे श्वास मोजावेत आणि आकडा वेळेसह कागदावर लिहून ठेवावा.